पणजीचे शिक्के आणि गावचं कपाट

बुधवार

भांडण सुरू झालं ते गेल्या गणपतीत, रत्नागिरीला आमच्या घरी. आरत्या झाल्या, पानं मांडली, आणि बोलता बोलता विषय वाचनालयावर गेला. मी सहज म्हटलं, "आमचं नगर वाचनालय १८२८ सालचं. एवढं जुनं तुमच्या गोव्यात काही नसणार."

भावोजी मोदकावर तूप घेत होते. त्यांनी वर न बघताच उत्तर दिलं, "आमचं १८३२ चं. चार वर्षांनी धाकटं. पण बाई, ते कुणी काढलं आणि कुणासाठी काढलं, ते बघायला एकदा पणजीला या."

मला ते 'बाई' म्हणतात. मी एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची नऊ वर्षं शाळेच्या ग्रंथालयाच्या किल्ल्याही माझ्या पदराला होत्या. भावोजी माझ्या मावसबहिणीचे यजमान. मूळ फोंडा तालुक्यातले, नोकरी पणजीत झाली, आता पंचाहत्तरीला आलेत. पोर्तुगीज राजवटीत प्राथमिक शाळेची चार वर्षं काढल्यामुळे त्यांना पोर्तुगीज वाचता येतं. या प्रवासात मला त्याचा फार उपयोग झाला आणि त्यांना फार भाव चढला.

श्रावण लागल्यावर दुपारची मांडवी एक्सप्रेस पकडली. पावसाळी वेळापत्रक म्हणजे गाडी मुळातच सावकाश, त्यात कुडाळच्या पुढे अर्धा तास उभी. करमळीला उतरले तेव्हा दिवेलागण झाली होती. भावोजी छत्री घेऊन हजर. सांतिनेजला पोचेपर्यंत साडी गुडघ्यापर्यंत भिजली. ताईने गरम पेज, खारातली मिरची आणि सुंगटांची किसमूर वाढली. जेवणं झाल्यावर भावोजींनी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर चार दिवसांचा बेत लिहून माझ्या हातात दिला. समुद्रकिनारा त्यात नव्हता.

गुरुवार

सकाळी भाजी-पाव खाऊन आझाद मैदानाकडे चालत निघालो. मैदानाच्या कडेला लांबच लांब पिवळी इमारत आहे, एका बाजूला पोलीस मुख्यालय आणि एका टोकाला इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा. ही मूळची सैनिकांची बराक. बांधली दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रु या व्हाइसरॉयच्या काळात. हा माणूस १८२७ ते १८३५ गोव्यात होता आणि आज आपण जिला पणजी म्हणतो तिचा बराचसा आराखडा त्याचा. दलदल बुजवून रस्ते आखले, सरकारी इमारती उठवल्या. आणि १५ सप्टेंबर १८३२ ला त्याने 'पुब्लिका लिव्रारिया' उघडली, म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. लष्करी अकादमीच्या आसऱ्याने सुरू झालेलं.

"सार्वजनिक," भावोजी म्हणाले आणि छत्रीचं टोक फरशीवर आपटलं. "पण वाचायचं काय? पोर्तुगीज, लॅटिन, फ्रेंच. आमच्या पणज्याला यातलं काय येत होतं?"

मी लगेच काही बोलले नाही, कारण रत्नागिरीतसुद्धा १८२८ मध्ये आमचा पणजा इंग्रजी पुस्तकं वाचत बसला नव्हता.

इमारतीच्या प्रवेशदालनात शिरल्यावर मात्र दोघंही गप्प झालो. भिंती निळ्या-पांढऱ्या अझुलेजु फरशांनी मढवलेल्या आहेत. जॉर्ज कुलासु या चित्रकाराने १९३५ मध्ये केलेलं काम. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या 'लुझियाडस' महाकाव्यातले. जहाजं, लाटा, दाढीवाले दर्यावर्दी, हात जोडून उभे असलेले लोक. अगदी जवळ गेलं की चित्र दिसेनासं होतं आणि चौकोन दिसतात. एका फरशीचा कोपरा उडाला होता, खालची मातीची विटकरी कड उघडी पडली होती. निळा रंग काचेच्या पापुद्र्याएवढाच जाड. मी बोट लावायला गेले, भावोजींनी डोळे वटारले.

मध्यवर्ती ग्रंथालय अनेक वर्षं याच इमारतीत होतं. भावोजी विद्यार्थी असताना इथूनच पुस्तकं न्यायचे. म्हणजे कथा-कादंबरी मागायला आलेला मुलगा आधी या समुद्रातून जायचा. १८७१ मध्ये स्थापन झालेली 'इन्स्तितुतु व्हास्कु द गामा' ही संस्थाही इथलीच. १९२५ मध्ये ग्रंथालय तिला जोडलं गेलं आणि त्याच्या नावात वास्को द गामा आला. गोवामुक्तीनंतर १९६३ मध्ये संस्थेला लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांचं नाव मिळालं. चांदरचे पत्रकार, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीवर लिहिणारे, स्वतःच्या घरी भलामोठा ग्रंथसंग्रह बाळगणारे. वास्को गेला, ब्रागांझा आले, भिंतीवरचे दर्यावर्दी मात्र तसेच वल्ही मारताहेत. कुणी काढले नाहीत ते बरं झालं.

इथे मी पायरीवर बसून वहीत भराभर लिहून घेतलं. भावोजींकडून एक गोष्ट समजली, ती मला या सगळ्या इतिहासातली सर्वात महत्त्वाची वाटते. पोर्तुगालमध्ये १८३४ मध्ये उदारमतवादी सरकारने धार्मिक संघ बरखास्त केले. पुढच्या वर्षी गोव्यातले मठही बंद झाले. शेकडो वर्षांचे मठ. त्यांच्या कपाटांतली पुस्तकं उचलून या नव्या ग्रंथालयात आणली गेली, आणि १८३६ मध्ये त्याचं नाव झालं 'बिब्लियोतेका पुब्लिका'. पणजीच्या ग्रंथालयाचा पाया असा दुसऱ्याच्या रिकाम्या झालेल्या घरातून आलेला आहे. साधू गेले, पुस्तकं सरकारजमा झाली.

मग घात झाला. उठून मैदान ओलांडताना सर आली, छत्री उलटी झाली, आणि मी वही डोक्यावर धरली. जेल पेनने लिहिलेली वही. घरी येऊन उघडली तर सात पानं निळी-पांढरी. ताई म्हणाली, "जा, तीपण भिंतीवर लाव." संध्याकाळभर भावोजी पुन्हा सांगत होते आणि मी पेन्सिलने लिहीत होते.

शुक्रवार

फोंतान्यशच्या गल्ल्या उतरून ओरेमच्या खाडीकाठी आलो. पलीकडे पाटो. डावीकडे थोडं पुढे १६३० च्या दशकात बांधलेला लिन्यारिशचा जुना दगडी पूल अजून वाहतूक झेलतो आहे. पाटो हा भाग आता सरकारी कचेऱ्या, बँका आणि कदंबच्या बसस्थानकाचा. तिथल्या संस्कृती भवनात २०१२ पासून 'कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय' आहे.

मी ग्रंथालयात शिरले की आधी वाचक बघते, मग पुस्तकं. इथे सकाळीच खुर्च्या भरलेल्या. बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुलं, प्रत्येकाच्या टेबलावर पाण्याची बाटली आणि रंगीत पेनांचा पसारा. वर्तमानपत्रांच्या टेबलाशी चार म्हातारे, त्यातला एक मराठी पेपर वाचत होता आणि शेजाऱ्याशी कोंकणीत त्यावर वाद घालत होता. गोव्यात हे दृश्य मला फार आवडतं. बोलायचं कोंकणीत, वाचायचं मराठीत, आणि कुणाला त्यात काही अडत नाही, सभेत भाषण करायची वेळ येईपर्यंत. लहान मुलांचा वेगळा विभाग आहे, दृष्टिहीनांसाठी ब्रेल पुस्तकं आहेत. शिस्त चांगली. आमच्या शाळेत एवढी शांतता फक्त निकालाच्या दिवशी असायची.

ओळखपत्र दाखवून, अर्ज भरून जुन्या पुस्तकांपैकी एक बघायला मिळालं. कातडी बांधणीचं, लॅटिन, देवाधर्माचं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण मुखपृष्ठामागचं पान मी वीस मिनिटं बघत होते. सर्वात वर तपकिरी शाईतली हाताने लिहिलेली ओळ, कुठल्याशा मठाच्या ग्रंथसंग्रहाची. मठाचं नाव कसरीने खाल्लेलं. तिच्याखाली एक लंबगोल शिक्का, फिकट. त्याला निम्मा झाकून दुसरा, जांभळा, गोल. आणि कोपऱ्यात आताचा, इंग्रजी अक्षरांचा, निळा. भावोजींनी चष्मा कपाळावर चढवून, नाक पानाला टेकवून शिक्के वाचले. जांभळा 'नासियोनाल', म्हणजे 'राष्ट्रीय', होता.

या नावांची मला आधी कटकट वाटत होती. १८७० मध्ये 'नोव्हा गोवा'चं, म्हणजे पणजीचं, सार्वजनिक ग्रंथालय, १८९७ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय, १९२५ मध्ये वास्को द गामा. दर पिढीला नवी पाटी. पण त्या पानावर ती एकावर एक बघितली आणि जरा दुसरंच दिसलं. शिक्का मारणारा दर वेळी पुस्तक आपलं झालं असं समजत होता. कसर मात्र पहिल्या पानापासून मागच्या पुठ्ठ्यापर्यंत एकाच भोकातून सरळ गेली होती. तिने कुणाचीच सत्ता मानलेली नाही.

दुपारी कँटीनमध्ये चहा घेताना भावोजींनी कुन्य रिव्हाराची गोष्ट सांगितली. ज्वाकिं एलियोदोरु द कुन्य रिव्हारा हा माणूस पोर्तुगालमधल्या एव्होराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा प्रमुख होता. १८५५ मध्ये तो गोव्यात सरकारचा मुख्य सचिव म्हणून आला. ग्रंथपालाला सचिव केलं तर तो काय करणार? त्याने जुनी दप्तरं धुंडाळून पोर्तुगीज पूर्वेचे कागद खंडामागून खंड छापले. १८५७ मध्ये 'ख्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सचं कोंकणी व्याकरण पुन्हा छापलं आणि १८५८ मध्ये कोंकणी भाषेचा इतिहास लिहून गोमंतकीयांना सांगितलं, की आपल्या भाषेची लाज धरू नका. हे एका पोर्तुगीजाने सांगावं आणि त्याच सरकारच्या एका पूर्वीच्या व्हाइसरॉयने १६८४ मध्ये लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावं असा हुकूम काढलेला असावा! माणसं सरकारापेक्षा निराळी निघतात कधी कधी. ग्रंथपाल तर नक्कीच. हे मी पक्षपाताने लिहिते आहे.

असाच दुसरा माणूस आलेइशु मानुएल द कॉश्ता. याच ग्रंथालयात राजवट बदलण्याआधी आणि बदलल्यावरही ग्रंथपाल. गोव्यातल्या लेखकांचा मोठा कोश त्यांनी एकट्याने पोर्तुगीजमध्ये रचला. १९५० च्या दशकात पोर्तुगालमध्ये आणि वसाहतींमध्ये छापलेल्या पुस्तकांची प्रत मिळण्याचा हक्क या ग्रंथालयाला होता. म्हणजे अंगोलातलं, मोझांबिकमधलं पुस्तक बोटीने पणजीला यायचं. आणि शेजारच्या सावंतवाडीतलं पुस्तक? भावोजी नुसते हसले. "ते उद्या," म्हणाले.

आणि कृष्णदास शामा. पाटीवरचं नाव वाचून पुढे जाणारे खूप असतील. दक्षिण गोव्यात सासष्टीतल्या केळशीचा हा लेखक. १५२६ मध्ये, म्हणजे पोर्तुगीजांनी तिसवाडी, पणजीच्या भोवतालचा मुलूख, घेतल्यावर अवघ्या सोळा वर्षांनी, त्याने 'श्रीकृष्णचरित्रकथा' मराठी ओव्यांत रचायला घेतली. रामायण-महाभारतातल्या कथांचं जे जुनं कोंकणी गद्य मिळालं आहे, तेही त्याच्या नावाशी जोडतात. त्यामुळे दोन्ही भाषा त्याच्यावर हक्क सांगतात. तो भांडायला येत नाही हे नशीब. पण खरी गंमत पुढे आहे. हे जुनं लिखाण आपल्याला मिळालं ते कुठे? पोर्तुगालमध्ये, ब्रागाच्या ग्रंथालयात, जेझुइट पाद्र्यांनी रोमी लिपीत उतरवून घेतलेल्या बाडांत. भाषा शिकण्यासाठी त्यांनी हे उतरवलं आणि त्यामुळेच ते टिकलं. गावातल्या नागरी पोथ्यांचं काय झालं, ते सांगायला गावात कुणी उरलं नाही. ज्याच्या नावाचं ग्रंथालय पणजीत, त्याचं पुस्तक ब्रागाच्या कपाटात.

निघताना भावोजींनी हुकमाचं पान टाकलं. गोव्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९९३ चा. त्यात ग्रंथालयांसाठी जो उपकर ठेवला आहे तो घरपट्टीवर नाही. तो आहे भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवर आणि बिअरवर, अधिभार म्हणून. "म्हणजे बाई, आमच्याकडे पिणारा वाचणाऱ्याला पोसतो."

मी म्हटलं, "आणि वाचणारा पीत असेल तर?"

"तो स्वावलंबी."

शनिवार

भाड्याची गाडी केली होती, ड्रायव्हर पेडण्याचा. वाटेत जुन्या गोव्याला सेंट पॉल कॉलेजच्या उरलेल्या कमानीपाशी पाच मिनिटं थांबलो. एवढाच दरवाजा शिल्लक, बाकी सगळं रान. इथे १५५६ मध्ये हिंदुस्थानातला पहिला छापखाना उतरला. भावोजींनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी म्हटलं, "तो निघाला होता हबशी मुलखात. पाद्री इथे अडकले म्हणून खिळेही इथे राहिले." १८२८ ची अब्रू राखणं भाग होतं. तसाही तो छापखाना पुढे बंद पडला आणि गोव्यात सरकारी छपाई पुन्हा सुरू व्हायला १८२१ उजाडलं. तेव्हा 'गझेता द गोवा' निघालं. छापखान्यापासून वाचनालयापर्यंत यायला गोव्याला पावणेतीनशे वर्षं लागली, हे मी बोलले नाही, इथे लिहिते आहे.

प्रियोळ लागलं तेव्हा भावोजींनी गाडी सावकाश घ्यायला सांगितली. अ. का. प्रियोळकरांचं गाव. हिंदुस्थानातल्या मुद्रणाचा इतिहास त्यांनी १९५८ मध्ये इंग्रजीत लिहिला आणि आज कमानीपाशी आम्ही जे भांडलो त्याला लागणारी बरीच माहिती त्यांनीच खणून काढलेली. याच भागात मंगेशी. सासष्टी, तिसवाडीतून देव इकडे आले, कारण फोंडा तेव्हा पोर्तुगीजांकडे नव्हता. देव आले, त्यांच्यामागून भट आले, कीर्तनकार आले, पोथ्या आल्या. म्हणून मराठी वाचन गोव्यात टिकलं ते इथे, देवळांच्या अग्रशाळांतून, म्हणजे देवळालगतच्या धर्मशाळांतून.

१९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, चर्चचे खास हक्क गेले आणि हिंदूंना पहिल्यांदा मोकळा श्वास मिळाला. १९११ मध्ये फोंड्यात दादा वैद्य आणि त्यांच्या सोबत्यांनी आल्मेदा विद्यालय काढलं. पणजीत त्याआधी १९०८ मध्ये मुष्टिफंड निघाला होता, घरोघरच्या मूठभर तांदळावर. गावोगावी मराठी शाळा, नाटकमंडळ्या आणि वाचनालयं निघाली ती याच वीस-पंचवीस वर्षांत. वाचनालय म्हणजे काय, तर एक कपाट.

ते कपाट मी पाहिलं. भावोजींच्या गावात, देवळाच्या अग्रशाळेत, पावसाच्या पाण्याने हिरव्या झालेल्या भिंतीला टेकून उभं. फणसाच्या लाकडाचं, दोन दारांचं, एका दाराची काच जाऊन तिथे पुठ्ठा लावलेला. चारी पाय पितळी वाट्यांत. वाट्यांत पूर्वी रॉकेल घालत, मुंग्या आणि वाळवीसाठी, आता नुसती धूळ. किल्ली भटजींच्या सुनेकडे होती. ती हात पुसत आली, कपाट उघडलं, म्हणाली, "हें कोण वाचना आतां," आणि आमच्यासाठी चहा टाकायला गेली.

आत दोनशेच्या आसपास पुस्तकं. तपकिरी कागदाची कव्हरं, पाठीवर टाकाने लिहिलेले क्रमांक. वास म्हणजे कापूर, ओल आणि जुना डिंक. बरीचशी मुंबई-पुण्याची छपाई. पुस्तकं यायची ती मुंबईला नोकरी करणाऱ्या गाववाल्यांच्या ट्रंकांतून, मे महिन्यात आणि चतुर्थीला. पणजीच्या ग्रंथालयात लिस्बनची बोट येत होती, इथे ट्रंक. सालाझारच्या काळात छापील कागदावर एवढी नजर, की लग्नपत्रिकासुद्धा आधी तपासायला द्यावी लागायची. १९५४-५५ पासून हिंदुस्थानने हद्द बंद केली आणि ट्रंकाही थांबल्या. कपाटात त्यानंतरच्या सहा-सात वर्षांचं नवं पुस्तक जवळजवळ नाही. असलेलीच पुन्हा पुन्हा वाचलेली. काहींची पानं कडेला चिंधीसारखी मऊ झाली आहेत.

खालच्या खणात देवघेवीची वही होती. मला हेच हवं होतं. ग्रंथालयातलं सर्वात खरं पुस्तक म्हणजे देवघेवीची वही, कारण तिच्यात कुणी फुशारकी मारत नाही. रकाने हाताने आखलेले: तारीख, अनुक्रमांक, पुस्तक, नेणाराचं नाव, हस्ते, परत. नेणारांत बायकांची नावं बरीच होती. 'सौ.' लिहून पुढे नवऱ्याचं नाव, बस. पण बायका अग्रशाळेत येऊन पुस्तक मागत नसत. म्हणून तो 'हस्ते'चा रकाना. 'ह. मुलगा', 'ह. दीर', 'ह. गडी'. एका बाईंच्या नावापुढे तर सगळीकडे 'ह. बाब्या'. १९५७, ५८, ५९. दर आठ-दहा दिवसांनी एक पुस्तक. पावसाळ्यात आणखी जवळजवळ.

"हा बाब्या कोण हो?" मी विचारलं.

"मी," भावोजी म्हणाले.

ते वही बघत उभे राहिले. घर पलीकडे कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, मधे एक व्हाळ, म्हणजे ओढा, त्यावर माडाचा साकव, पायी जायचा पूल. आईला वाचायचं वेड. सकाळी पोर्तुगीज शाळेत जायचं, संध्याकाळी कपाटापाशी. हा बाब्या साकवावर बसून पुस्तक उघडायचा, पोर्तुगीज शाळेतल्या मुलाला नागरी अक्षरं जुळवत जुळवत, आणि घरी उशिरा पोचला म्हणून मार खायचा. "मराठी मला शाळेने शिकवलं नाही," म्हणाले. "साकवाने शिकवलं." पणजीच्या त्या भव्य ग्रंथालयाच्या वहीत त्या काळात त्यांच्या आईचं नाव येणं शक्यच नव्हतं, इथे एकशेचौदा वेळा आहे. मी मोजलं.

१९५९ च्या श्रावणातली नोंद शेवटची. एका कादंबरीचा भाग पहिला, ह. बाब्या. 'परत'चा रकाना रिकामा. त्यानंतर ते नाव वहीत नाही. बाकीच्या लोकांची नावं पुढे दोन वर्षं चालू आहेत.

"इथे परत लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"चहा थंड होतोय," भावोजी म्हणाले आणि बाहेर गेले.

येताना गाडीत फारसं कुणी बोललं नाही. पाऊस एवढा होता, की ड्रायव्हर काच खाली करून डोकं बाहेर काढत होता.

रविवार

परतीची गाडी मडगावहून. झुवारीचा पूल ओलांडताना भावोजींनी उजवीकडे हात केला, साखवाळ. तिथे जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी 'बालबोधमेवा' नावाच्या मुलांच्या मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि १८९९ मध्ये घर सोडून निघाले, थेट पाली भाषेपर्यंत. एक मासिक कुठून कसं त्या गावात आलं असेल, याचा विचार करत मी मडगावात शिरले.

मडगावात वेळ थोडा आणि कामं जास्त. गोमंत विद्या निकेतनची इमारत बाहेरून पाहिली. १९३० चं मराठी साहित्य संमेलन मडगावला भरलं होतं, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. परक्या राजवटीत मराठी संमेलन, याचं तेव्हा किती अप्रूप वाटलं असेल. नावेलीला दक्षिण गोव्याचं जिल्हा ग्रंथालय आहे, त्याला नावेलीच्याच फ्रान्सिस्कु लुईस गोमीश यांचं नाव, पण तिकडे जायला जमलं नाही. रायतूरची सेमिनारी, म्हणजे पाद्री घडवणारी शाळा, तीही राहिली. १६१६ मध्ये फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' तिथे रोमी अक्षरांत छापलं गेलं, सुमारे ११,००० मराठी ओव्या, आणि त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज कुठल्याच ग्रंथालयात नाही. पुढच्या वेळी. ताईने बाजारात कोकमं आणि दोडोल घेण्यात पाऊण तास घालवला, त्यात रायतूर बुडालं.

स्टेशनवर गाडी चाळीस मिनिटं उशिरा. ताई बाकावर पिशव्या सांभाळत बसली. भावोजी माझ्याबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत आले. रुळांवर पाऊस पडत होता.

"बाई, ते पुस्तक व्हाळात पडलं," ते म्हणाले.

मी थांबले.

"साकवावर बसून वाचत होतो. आई वाचून संपवून परत करायला दिलं होतं. मी शेवटचं प्रकरण वाचायला बसलो. पाणी वाढलेलं. हातातून सुटलं, व्हांवत गेलें." कोंकणी मधेच आली. "आईला सांगितलं परत केलं. कपाटाकडच्या भटमामांना सांगितलं, आईचं वाचून व्हायचं आहे. मग आई म्हणायला लागली, दुसरा भाग आण. तो कसा मिळणार? पहिला परत केल्याशिवाय देत नव्हते. मी सांगितलं, दुसरा भाग दुसऱ्या कुणी नेलाय. दर आठवड्याला तेच सांगायचो. मग तिने विचारणं सोडलं."

"आणि तिला कळलंच नाही पुढे काय झालं ते?"

"मुक्ती झाल्यावर, पहिल्या पगारातून दुसरा भाग विकत आणला पणजीहून. दिला तिच्या हातात. चार दिवस वाचला तिने. मग म्हणाली, बाब्या, यातली माणसं कोण आहेत ते आठवत नाही रे, पहिला भाग मिळेल का?"

गाडीची घोषणा झाली. ताई पिशव्या घेऊन लगबगीने येत होती. भावोजींनी माझी बॅग उचलली आणि डब्याच्या दारात ठेवली.

"तुम्ही किल्ल्या सांभाळल्यात ना नऊ वर्षं," खालून म्हणाले. "रोजचा एक पैसा धरला, तर दंड किती होईल हो?"

मी पेन्सिल काढली. गाडी करमळीला पोचली तरी हिशेब चालू होता.